पंप बदलण्याआधी थांबा

जुनी फोर्कलिफ्ट माल उचलेनाशी झाली की शेडमध्ये पहिला निकाल लागतो तो पंपाचा. ‘पंप गेला’ असं कुणीतरी म्हणतं, दुसरा मान डोलावतो, आणि संध्याकाळपर्यंत पंप उतरवून टेबलावर आलेला असतो. नवा पंप बसतो, दोन दिवस काटे बऱ्यापैकी वर जातात, आणि मग पुन्हा तीच रडकथा. पैसे गेले, माल अडकला आणि दोष होता तिथेच राहिला. तो टाकीतल्या गाळणीत असेल, एखाद्या ढिल्या क्लँपमध्ये असेल, नाहीतर लिव्हरच्या झिजलेल्या पिनमध्ये.

हे आवाहन भोसरी, सातपूर, वाळूज, शिरोलीसारख्या औद्योगिक वसाहतींतल्या लहान कारखानदारांना आहे, तासगाव-सांगलीकडच्या बेदाण्याच्या शीतगृहांना आहे, आणि तिथल्या ऑपरेटर आणि फिटर मंडळींना आहे. तुमच्याकडची दोन-तीन टनी फोर्कलिफ्ट बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाताची असते. तिच्याबरोबर पुस्तक आलेलं नसतं, कंपनीचा माणूस बोलावणं परवडत नाही. तरीही ती वीस-पंचवीस वर्षं नीट चालू शकते. अट एकच: पाना हातात घेण्याआधी यंत्राला काही प्रश्न ठरावीक क्रमाने विचारायचे, आणि स्वस्तातलं आधी तपासायचं, महागातलं शेवटी.

आधी जीव, मग यंत्र

तपासणीला हात घालण्याआधी काटे जमिनीला टेकवा, मास्ट सरळ करा, हँडब्रेक ओढा, चाकांना ठोकळे लावा, इंजिन बंद करा. मग लिफ्ट आणि टिल्टचे लिव्हर दोन-तीनदा पुढे-मागे करा, म्हणजे नळ्यांत अडकलेला दाब निघून जाईल. एवढं झाल्याशिवाय एकही नट ढिला करायचा नाही.

उचललेल्या काट्यांखाली किंवा मास्टच्या आत हात, डोकं, पाय काहीही घालायचं नाही. लिफ्टचा जॅक फक्त वर ढकलतो, खाली येतात ते काटे स्वतःच्या वजनाने. म्हणजे इंजिन बंद असलं तरी लिव्हरला चुकून धक्का लागला की काटे खाली येतात. वर ठेवूनच काम करणं भाग असेल तर मास्टच्या चौकटीला जाड साखळीने बांधा आणि खाली भक्कम लाकडी ठोकळे द्या. टिल्टच्या जॅकची पिन काढायची असेल तर आधी मास्टला क्रेनने किंवा चेनपुलीने धरून ठेवा. त्या दोन जॅकांखेरीज मास्टला मागे धरणारं दुसरं काहीच नसतं. पिन निघाली की सगळा मास्ट पुढे कोसळतो.

माल वर असतानाच यंत्र अडकलं तर घाईने होज खोलू नका. आजूबाजूची माणसं लांब करा. दुसऱ्या फोर्कलिफ्टने किंवा क्रेनने माल उतरवा, मग दोष शोधा.

आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. गळती शोधताना नळीवरून बोट फिरवू नका. सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून दाबाखाली निघालेलं तेल कातडीत घुसतं. त्यासाठी सात बार दाबही पुरतो, आणि फोर्कलिफ्टमध्ये त्याच्या पंधरा-वीस पट दाब असतो. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, म्हणून माणूस हात पुसून पुन्हा कामाला लागतो. आत मात्र तेल पसरत जातं आणि बोट किंवा हात गमवायची पाळी येते. असं झालं तर मलमपट्टी करून वाट पाहत बसू नका. त्याच तासात शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ‘दाबाखालचं हायड्रॉलिक ऑइल कातडीत गेलंय’. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा लांब धरा, तेल त्याच्यावर उमटेल. डोळ्यांवर चष्मा हवाच.

हळू आणि कमजोर, हे दोन वेगळे आजार

आता थोडं समजून घेऊ. टाकीतलं तेल गाळणीतून पंपाकडे जातं, पंप ते कंट्रोल व्हॉल्व्हकडे ढकलतो, लिव्हर ओढल्यावर ते जॅकमध्ये शिरतं, उरलेलं परत टाकीत येतं. वाटेत एक रिलीफ व्हॉल्व्ह असतो. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की तो उघडतो आणि तेल टाकीत सोडून देतो.

यातली मेख अशी की पंप दाब तयार करत नाही. पंप फक्त तेल ढकलतो, दाब तयार होतो तो भारामुळे. समजा दोन टन माल आहे आणि काटे-कॅरेज मिळून आणखी ४०० किलो. साध्या मास्टमध्ये साखळी जॅकच्या डोक्यावरच्या चाकावरून जाते, त्यामुळे रॉड एक फूट वर गेला की काटे दोन फूट जातात, आणि त्याच हिशोबाने जॅकवर दुप्पट भार येतो. म्हणजे ४,८०० किलो. आतून ५० मिमी व्यासाचे दोन जॅक असतील तर त्यांचं एकत्रित क्षेत्रफळ साधारण ३९ चौरस सेंटिमीटर. भागाकार करा, दाब येतो १२० बारच्या आसपास. तेच काटे रिकामे असताना दाब लागतो जेमतेम २० बार.

या हिशोबातून दोन आजार वेगळे होतात. काटे हळू वर जातात तेव्हा तेल कमी पोचतंय. रिकामे काटे झपझप वर जातात पण माल ठेवला की अडतात, तेव्हा दाब तयार होत नाही, म्हणजे तेल कुठूनतरी पळून जातंय. पहिल्यात शोध टाकीपासून पंपापर्यंत घ्यायचा, दुसऱ्यात पंपापासून जॅकपर्यंत. ऑपरेटर ‘उचलत नाही’ एवढंच सांगतो. त्याला विचारा, ‘हळू उचलतो की उचलतच नाही? रिकामा कसा जातो?’ या दोन प्रश्नांनी निम्मं काम होतं.

पहिला प्रश्न: तेल किती आणि कसं?

पातळी मोजायची ती काटे पूर्ण खाली, मास्ट सरळ आणि यंत्र सपाट जमिनीवर असताना. काटे वर असताना जॅकभर तेल वर गेलेलं असतं, तेव्हा काडी कमी दाखवणारच. त्या वेळी टाकी भरली की काटे खाली येताना तेल झाकणातून बाहेर फेकलं जातं, आणि मग आपण नसलेली गळती शोधत बसतो.

मग थोडं तेल पारदर्शक काचेच्या बाटलीत घेऊन उजेडात ठेवा. दुधाळ दिसलं आणि काही मिनिटांत निवळलं तर त्यात हवा होती, म्हणजे ओढणाऱ्या बाजूला कुठेतरी हवा शिरतेय. काही तासांनंतरही दुधाळच राहिलं, किंवा रात्रभरात तळाशी पाणी बसलं, तर पाणी शिरलंय. आपल्याकडे पावसाळ्यात हे फार होतं. टाकीचं श्वसनाचं झाकण हरवलेलं असतं आणि त्या जागी चिंधी कोंबलेली असते, किंवा यंत्र रात्रभर पन्हाळीखाली उभं असतं. काळं आणि जळकट वासाचं तेल तापून तापून खराब झालेलं असतं. तळाशी पिवळसर किंवा रुपेरी चमक दिसली तर चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटलं तर ते लोखंड. न चिकटणारी चमक पंपाच्या आतल्या बुश-प्लेटांची किंवा ॲल्युमिनियमच्या बॉडीची असू शकते, आणि तेव्हा पंपावर संशय घ्यायला खरा आधार मिळतो.

तेल कोणतं, हाही प्रश्न आहेच. डब्यावरचा ३२, ४६ किंवा ६८ हा आकडा ४० अंश सेल्सियसला तेल किती दाट असतं ते सांगतो. कंपनीने सांगितलेला नंबर यंत्राच्या पाटीवर किंवा टाकीच्या झाकणाजवळ लिहिलेला असतो, तोच वापरा. हाताशी होतं म्हणून इंजिन ऑइल ओतू नका. ब्रेक ऑइल तर अजिबात नको. ते हायड्रॉलिकच्या रबरी सीलला मारक असतं. सील फुगतात, मऊ पडतात आणि सगळ्या जॅकांची पॅकिंगं एकदमच जातात.

दुसरा प्रश्न: सगळंच बिघडलंय की एकच काम?

लिफ्ट बिघडली, टिल्ट कसं आहे? टिल्ट पूर्ण मागे घ्या आणि लिव्हर दोन-तीन सेकंद तसाच धरा. इंजिनावर ताण आल्याचा आवाज आला आणि व्हॉल्व्ह फुसफुसला तर पंप दाब देतोय. मग लिफ्टचा जॅक, लिफ्टचा स्पूल (कंट्रोल व्हॉल्व्हमधला सरकता दांडा) आणि लिफ्टकडे जाणारी नळी एवढंच तपासायचं उरतं. लिफ्ट, टिल्ट सगळंच ढिम्म असेल तर दोष सामाईक भागात आहे: तेल, गाळणी, पंप, पंपाचं कपलिंग किंवा मुख्य रिलीफ. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. टिल्टला तेल कमी लागतं, म्हणून टिल्ट जोरात आहे एवढ्यावरून पंप पुरेसं तेल देतोय असं ठरत नाही. आणि काही व्हॉल्व्हमध्ये टिल्टसाठी वेगळा रिलीफ असतो.

इथेच लिव्हरही बघून घ्या. लिव्हर पूर्ण ओढल्यावर कंट्रोल व्हॉल्व्हचा स्पूल खरोखर पूर्ण सरकतो का? जुन्या यंत्रात मधल्या पिना आणि बुश झिजून लिव्हर अर्ध्याहून अधिक फुकटच फिरतो. स्पूल अर्धवट उघडतो, तेल कमी जातं, काटे हळू चालतात, आणि आळ पंपावर येतो. तीच गोष्ट ॲक्सिलरेटरच्या केबलची. इंजिन पुरेसं फिरत नसेल तर पंपही फिरणार नाही. या दोन्ही दुरुस्त्यांना जवळजवळ पैसे लागत नाहीत.

बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रात आधी बॅटरी पाहा. बॅटरी उतरली की ती वाचवण्यासाठी लिफ्ट बंद पाडायची सोय बऱ्याच यंत्रांत असते. त्यानंतर पंपाच्या मोटरचा काँटॅक्टर आणि कार्बन ब्रश.

तिसरा प्रश्न: सकाळी की दुपारी?

सकाळी यंत्र ठीक चालतं आणि दुपारी, तेल तापल्यावर, मंदावतं. याचा अर्थ आतून गळती आहे. गरम तेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटींतून सहज मागे सरकतं. पंपाचे गिअर, स्पूल किंवा जॅकचं पॅकिंग यांपैकी काहीतरी झिजलंय. याउलट सकाळी कुरकुर, पंपाचा किंचाळल्यासारखा आवाज आणि तासाभराने सगळं सुरळीत असं होत असेल, तर थंड दाट तेल पंपाला ओढवत नाही. गाळणी चोंदलीय किंवा तेल गरजेपेक्षा दाट भरलंय.

ओढणाऱ्या बाजूचा दोष सर्वात स्वस्त आणि सर्वात जास्त दुर्लक्षित. विहिरीवरच्या मोटरचा फूटव्हॉल्व्ह पाल्यापाचोळ्याने बुजला तर आपण मोटर बदलत नाही, आधी फूटव्हॉल्व्ह वर काढून झटकतो. इथेही तेच करायचं. टाकीतली गाळणी काढा, धुवा, फाटली असेल तर बदला. मग टाकी ते पंप ही जाड नळी पाहा. जुन्या नळीचा आतला थर सुटून गोळा होतो आणि पंप ओढायला लागला की वाट बंद करतो. बाहेरून मात्र ती नळी धडधाकट दिसते. इंजिन बंद असताना काढून आत डोकावल्याशिवाय कळत नाही. क्लँप ढिला असेल तर यंत्र चालू असताना तिथून तेल टपकत नाही, उलट हवा आत खेचली जाते. शंका असलेल्या जोडाला ग्रीस लावा. पंपाचा आवाज बदलला तर हवा तिथूनच शिरत होती.

चौथा प्रश्न: गेज काय म्हणतो?

इथपर्यंत काही सापडलं नसेल तरच प्रेशर गेज जोडा. निदान २५० बारपर्यंत मोजणारा, ग्लिसरीन भरलेला गेज आणि त्याला साजेशी होज एवढं साहित्य शेडमध्ये असायला हरकत नाही. चुकून बदललेल्या एका पंपापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं. यंत्रानुसार रिलीफ साधारण १४० ते २१० बारच्या दरम्यान बसवलेला असतो. तुमच्या यंत्राचा नेमका आकडा पाटीवर, पुस्तकात किंवा कंपनीच्या माणसाकडून मिळवा.

काटे वरच्या टोकाला नेऊन लिव्हर दोन-तीन सेकंद धरा आणि आकडा वाचा. त्यापेक्षा जास्त वेळ धरू नका, तेल भराभर तापतं. आकडा कमी आला तर हेच माप आधी हळू आणि मग वेगात इंजिन फिरवून घ्या. वेगाबरोबर दाबही ठळकपणे वाढला तर तेल आतून निसटतंय आणि वेगात पंप ती गळती भरून काढतोय. अशा वेळी झिजलेल्या पंपाचा संशय बळावतो. दोन्ही वेगांना आकडा जवळजवळ तोच राहिला तर रिलीफच खाली बसलाय. त्यात कचरा अडकलाय, स्प्रिंग थकलीय किंवा कुणीतरी स्क्रू फिरवलाय.

या स्क्रूबद्दल हात जोडून सांगतो: गेज लावल्याशिवाय त्याला हात लावू नका. ‘जरा प्रेशर वाढवतो’ म्हणून अंदाजाने दोन आटे आवळणारे कारागीर गल्लोगल्ली आहेत, आणि यंत्र उचलायला लागलं की मालकही खूश होतो. पण फोर्कलिफ्टची क्षमता फक्त जॅकच्या ताकदीवर ठरत नाही, ती यंत्राच्या तोलावर ठरते. दोन टनी यंत्र म्हणजे मालाचा मध्य काट्यांच्या टाचेपासून ५०० मिमीवर असताना दोन टन. त्यापलीकडे मागची चाकं हलकी होतात. फोर्कलिफ्ट वळते मागच्या चाकांवर, म्हणजे स्टिअरिंग हातातून जातं आणि मग यंत्र पुढे लवंडतं. जास्त माल उचलूच द्यायचा नाही हेही रिलीफचं काम आहे. तो घट्ट आवळून आपण ते काम काढून घेतो, वर पंप, होज आणि पॅकिंगवर नको तेवढा ताण आणतो.

काटे आपोआप खाली सरकतात तेव्हा

ही तक्रार वेगळी आहे, कारण यात पंपाचा काहीही संबंध नसतो. इंजिन बंद असताना काटे खाली येतात म्हणजे अडवून ठेवलेलं तेल निसटतंय. किती निसटतंय ते आधी मोजा. तेल गरम असताना क्षमतेइतका माल थोडा वर उचला, इंजिन बंद करा, खडूने खूण करा, दहा मिनिटांनी पाहा. आयएसओ ३६९१-१ या आंतरराष्ट्रीय मानकात दहा मिनिटांत १०० मिमी ही मर्यादा आहे. त्यापेक्षा जास्त सरकत असेल तर यंत्र रॅकच्या कामाला लावू नका.

नळ्या आणि जोड बाहेरून कोरडे असतील तर गुन्हेगार दोनच असू शकतात, जॅक किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह. बऱ्याच जॅकांच्या वरच्या टोकातून एक बारीक नळी टाकीकडे परत जाते. पॅकिंगमधून निसटलेलं तेल त्याच नळीने जातं. काटे खाली टेकलेले असतानाच त्या नळीचं टाकीकडचं टोक काढून भांड्यात सोडा, मग माल जमिनीपासून वीतभरच उचला. धार किंवा सतत थेंब आले तर पॅकिंग गेलंय. नळी कोरडी, जॅक बाहेरूनही कोरडा, आणि तरी काटे खाली येतायत, तर तेल स्पूलमधून जातंय. लिव्हर वर ओढताक्षणी काटे आधी किंचित खाली येऊन मग वर जात असतील तर व्हॉल्व्हमधला लोड चेक व्हॉल्व्ह नीट बसत नाही, बहुधा त्याच्या बैठकीवर कचरा आहे.

पॅकिंग बदलण्याआधी रॉडवर नख फिरवा. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या यंत्राच्या रॉडवर गंजाचे खड्डे पडतात, आणि खडबडीत रॉडवर नवं पॅकिंग काही आठवड्यांत फाटतं. अशा वेळी रॉड आधी घासून हार्ड क्रोम करून घ्यावा. जुनं पॅकिंग काढताना फोनवर फोटो काढा. ओठाची बाजू दाबाकडे, म्हणजे तेलाकडे असते. उलटं बसलं तर पहिल्याच दिवशी गळतं. स्क्रूड्रायव्हरने दामटू नका, नव्या सीलला तेल लावून हाताने किंवा बोथट लाकडी पट्टीने बसवा. जोडणी झाल्यावर माल न ठेवता काटे बरेचदा वरखाली करा, म्हणजे हवा निघून जाईल.

स्पूल झिजला असेल तर तो बाहेरच्या ओ-रिंगने बरा होत नाही. ओ-रिंग फक्त बाहेरची गळती थांबवते. स्पूल आणि त्याचं भोक यांच्यात काही मायक्रॉनचीच फट असते. त्यावर पॉलिश पेपर मारला तर फट वाढते आणि सगळा व्हॉल्व्हच जातो. हे काम हायड्रॉलिकच्या जाणकाराकडेच द्या.

काटे खाली फार हळू येतात अशी उलट तक्रारही असते. जॅकच्या तळाशी किंवा नळीत काटे उतरण्याचा वेग आवरणारा एक छोटा व्हॉल्व्ह बसवलेला असतो. तो चोंदला असेल तर साफ करून तसाच परत बसवा. ‘याच्यामुळेच हळू येतं’ म्हणून तो काढून टाकणारे महाभाग आहेत. होज फुटली तर माल दाणकन खाली येण्यापासून वाचवणारी सोयही बहुतेक वेळा तिथेच असते.

टिल्टच्या बाबतीत एक सोपी परीक्षा घ्या. इंजिन बंद, काटे रिकामे, टिल्टचा लिव्हर पुढे. मास्ट पुढे झुकता कामा नये. झुकला तर स्पूलमधला टिल्ट लॉक काम करत नाही.

हायड्रॉलिकचं नाव, दोष भलतीकडे

काटे दर वेळी त्याच उंचीवर अडतात? मग तेलाला दोष देऊ नका. तेलाचा बिघाड सहसा जागा धरून बसत नाही. मास्टचा चॅनेल वाकलाय, रोलर जाम झालाय किंवा ग्रीस संपलंय. एक काटा वर, एक खाली दिसतोय? दोन्ही साखळ्यांचा ताण सारखा नाही, किंवा काटाच वाकलाय. साखळी ताणली गेली की तिची लांबी मोजा. मूळ लांबीपेक्षा २ ते ३ टक्के वाढलेली साखळी बदलायची असते, कडी कापून लहान करायची नसते. काट्याची टाच, म्हणजे जिथे तो वळतो ती जागा, १० टक्के झिजली की काटा बाद. जाडी १० टक्क्यांनी घटली तरी ताकद जवळजवळ २० टक्क्यांनी घटते. आणि वाकलेला काटा तापवून, ठोकून सरळ करू नका, वेल्डिंगही नको.

स्वच्छतेत कंजूषी नको

पंप खरोखरच गेलाय असं ठरलं, तरी नवा बसवण्याआधी जुना का गेला ते शोधा. जुन्या पंपाचा चुरा टाकीत, नळ्यांत, व्हॉल्व्हमध्ये पसरलेला असतो. टाकी न धुता, फिल्टर न बदलता नवा पंप लावला तर तो त्याच वाटेने जातो. डोळ्याला साधारण ४० मायक्रॉनपेक्षा बारीक कण दिसत नाही, आणि पंपातल्या फटी त्याहून कितीतरी बारीक असतात. म्हणून ‘तेल तर स्वच्छ दिसतंय’ याला फारसा अर्थ नाही.

टाकी पुसायला कॉटन वेस्ट वापरू नका, त्याचे धागे गाळणीत जाऊन बसतात. धागा न सुटणारं सुती कापड घ्या. हायड्रॉलिकच्या जोडांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, तिचे तुकडे व्हॉल्व्हमध्ये अडकतात. होज काढली की दोन्ही तोंडं लगेच बुचाने बंद करा. तेलाचा ड्रम पावसात उभा ठेवू नका. झाकणावर साचलेलं पाणी बुचाच्या फटीतून आत ओढलं जातं. आडवा ठेवा किंवा छपराखाली ठेवा.

आता मालकांसाठी दोन शब्द. ऑपरेटर दिवसभर त्या सीटवर असतो. आवाज बदलला, लिव्हर जड झाला, काटे सरकतात हे त्याला सगळ्यात आधी कळतं. त्याने सांगितलं की ‘आज ट्रक भरून दे, उद्या बघू’ म्हणू नका. ऑपरेटर मंडळींनो, तुम्हीही ‘चालतंय तोवर चालवू’ म्हणू नका. मास्टच्या वेल्डिंगला तडा, वाकलेला रॉड, फुगा आलेली होज किंवा वेगाने सरकणारे काटे यांपैकी काहीही दिसलं तर चावी काढा आणि मालकाच्या हातात द्या.

जुनं यंत्र विकत घेणाऱ्यांनीही एवढं कराच: पूर्ण माल ठेवून, तेल गरम झाल्यावर, उचलण्याचा वेग आणि सरकण्याचं माप डोळ्यांसमोर घ्या. सकाळी थंड इंजिनावर रिकामे काटे वरखाली करून दाखवणाऱ्याशी सौदा ठरवू नका.

उद्या सकाळी काम सुरू करण्याआधी काटे खाली टेकवून तेल बघा. दुपारी तेल तापल्यावर रिकामे आणि भरलेले काटे पूर्ण वर जायला किती सेकंद लागतात ते मोजा, मग दहा मिनिटांची सरकण्याची चाचणी घ्या. हे आकडे तारखेसह एका वहीत लिहा आणि वही यंत्राजवळच टांगा. पुढच्या महिन्यात पुन्हा मोजा. पुढे कधी कुणी ‘पंप गेला’ म्हणालं तर त्याच्यापुढे ती वही ठेवा आणि विचारा, ‘कशावरून?’ उत्तर आकड्यांत मिळालं तरच पाना द्या.